गुन्ह्याआधीची गुणपत्रिका

मुलाला किती गुण मिळाले हे आपण परीक्षा झाल्यावर सांगतो. 'हा मुलगा नापास होण्याचा संभव शंभरात सत्तर आहे, तेव्हा याला परीक्षेला बसवूच नका' असे कोणी म्हटले, तर तो हिशेब कितीही काटेकोर असला तरी आपण त्याला अन्याय म्हणू. परंतु तुरुंगात, न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात माणसांना असे आगाऊ गुण देण्याची पद्धत जवळजवळ शंभर वर्षे चालत आलेली आहे. पूर्वी हे काम कागदावरचे कोष्टक करी. आता ते संगणक करतो, आणि त्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो.

पोलिसांच्या हाती आलेली ही यंत्रे ढोबळमानाने तीन प्रश्नांची उत्तरे देऊ पाहतात. हा माणूस कोण आहे? हा गुन्हा कोणी केला? आणि हा माणूस पुढे गुन्हा करील का? पहिले दोन प्रश्न घडून गेलेल्या गोष्टींचे आहेत. उत्तर चुकले तर निदान ते पुराव्याने खोडता येते. तिसरा प्रश्न अजून न घडलेल्या गोष्टीविषयी आहे, आणि जे घडलेच नाही ते आपण करणार नव्हतो हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. या लेखात आपण या तिसऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहू. त्याचा मोठा भाग अमेरिकेत घडला. मात्र त्यातील एक धागा आपल्या दारापर्यंत येतो, आणि एक थेट शाळेच्या हजेरीपत्रकापर्यंत.

तीन हजार कैदी, एकवीस बाबी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अनेक राज्यांत कैद्याला नेमक्या मुदतीची शिक्षा न देता 'एक ते दहा वर्षे' अशी सैल मुदत देत असत. कैदी सुधारला असे वाटले की पॅरोल मंडळ त्याला अटींवर सोडी. आपल्याकडे पॅरोल म्हणजे काही दिवसांची रजा. तिथे पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली तुरुंगाबाहेर काढणे. कोणाला सोडायचे आणि कोणाला नाही, हे मंडळाचे सदस्य थोड्याशा मुलाखतीवरून आणि स्वतःच्या अंदाजाने ठरवीत. साहजिकच वशिलेबाजीच्या आणि लहरी कारभाराच्या तक्रारी होऊ लागल्या.

इलिनॉय राज्यात या कारभाराची तपासणी करण्यासाठी एक समिती नेमली गेली. शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस हे तिच्यात होते. राज्यातील तीन तुरुंगांतून प्रत्येकी एक हजार, असे पॅरोलवर सुटलेल्या तीन हजार माणसांचे कागद त्यांनी तपासले. गुन्ह्याचा प्रकार, पूर्वीची शिक्षा, नोकरीचा इतिहास, वय, वस्ती, वडिलांचे मूळ राष्ट्र अशा एकवीस बाबी त्यांनी निवडल्या. प्रत्येक बाबीत एकच साधा प्रश्न त्यांनी विचारला : या गटातील लोकांनी पॅरोलच्या अटी मोडण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा कमी आहे का? कमी असेल तर एक गुण, नाही तर शून्य. सगळ्या गुणांची बेरीज केली की झाले कोष्टक तयार.

१९२८ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. जोलिएट येथील तुरुंगाचे आकडे पाहण्यासारखे आहेत. ज्यांना सोळा ते एकवीस गुण मिळाले होते, त्यांच्यापैकी फक्त १.५ टक्के लोकांनी अटी मोडल्या होत्या. ज्यांना दोन ते चार गुण होते, त्यांच्यात हे प्रमाण ७६ टक्के होते. नुसत्या बेरजेने एवढा फरक दिसावा हे खरोखर विलक्षण होते, आणि बर्जेस यांच्या पद्धतीची कीर्ती झाली यात नवल नाही. १९३३ पासून इलिनॉयच्या तुरुंगात हा हिशेब करण्यासाठी खास माणूस नेमण्यात आला. विमा कंपनीत मृत्युमानाची कोष्टके करणारा गणिती असतो, तशातलाच हा हुद्दा होता.

विम्याची ही तुलना थोडी पुढे नेऊ. चाळिशीच्या दहा हजार माणसांपैकी यंदा किती मरतील हे विमा कंपनी बऱ्यापैकी अचूक सांगते. त्यांतले कोण मरतील हे तिला ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. हप्ता सर्वांनी भरायचा असतो. तुरुंगाचे तसे नाही. जोलिएटच्या कोष्टकात दहा गुण मिळालेल्यांपैकी ३४ टक्के लोकांनी अटी मोडल्या होत्या, म्हणजे ६६ टक्के लोकांनी त्या पाळल्या होत्या. आता दहा गुणांचा एक कैदी मंडळापुढे उभा आहे. तो चौतीस टक्के सुटू शकत नाही. त्याला पूर्ण सोडावे लागते किंवा पूर्ण ठेवावे लागते. कोष्टक गटाविषयी बोलते, पण गजाआड एकटा माणूस जातो.

बर्जेस यांच्या बाबींकडे पाहताना आज आपण आणखी एका ठिकाणी थबकतो. त्यांत 'सामाजिक प्रकार' अशी एक बाब होती. भटक्या, दारुडा, टोळीवाला, नुकताच आलेला परदेशी, शेतावरचा पोरगा असे शिक्के तिच्यात होते. हे शिक्के कोणी तरी मारले होते. पण एकदा ते कोष्टकात गेले, की माणसाचे मत आणि मोजलेला आकडा यांतील फरक पुसला गेला.

अनुभवी नजर की बेरीज?

मग कोष्टक टाकून देऊन माणसाच्या अनुभवावरच विसंबावे काय? इतिहास इतके सोपे उत्तर देत नाही. १९५४ साली पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटे पुस्तक लिहिले. तज्ज्ञाचा अंदाज आणि साधा संख्याशास्त्रीय हिशेब यांची तुलना करणारे सुमारे वीस अभ्यास त्यांनी गोळा केले होते. पॅरोलचे अभ्यासही त्यांत होते. जवळजवळ सर्व ठिकाणी हिशेब तज्ज्ञाच्या बरोबरीचा तरी ठरला किंवा सरस तरी. तज्ज्ञ मंडळींना हे रुचले नाही, परंतु पुढच्या दशकांतील अभ्यासांनी तो निष्कर्ष बहुतांशी उचलूनच धरला.

यात गूढ काही नाही. माणूस थकतो, समोरच्याच्या कपड्यांवरून आणि बोलण्यावरून मत बनवतो, काल जे केले ते आज विसरतो. बेरीज मात्र रोज सारखीच येते. म्हणून यंत्रावर टीका करताना माणूस निर्दोष होता असे गृहीत धरणे बरोबर नाही. पण सारखेपणा म्हणजे न्याय नव्हे. चुकीचा तराजूसुद्धा प्रत्येक वेळी सारखेच चुकीचे वजन दाखवतो.

सहा वर्षांच्या मुलांचे कोष्टक

कैद्यांपासून मुलांपर्यंत यायला फार वेळ लागला नाही. हार्वर्ड विद्यापीठातील शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने १९५० साली एक गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. बोस्टन परिसरातील सुधारगृहांत ठेवलेली ५०० मुले आणि त्यांच्याशी वय, बुद्ध्यंक, वंश व वस्ती यांत जुळणारी ५०० 'सरळ' मुले, अशी त्यांची तुलना होती. तिच्यावरून त्यांनी पाच बाबींचे कोष्टक बनवले : वडिलांची शिस्त, आईची देखरेख, वडिलांची माया, आईची माया आणि कुटुंबातील एकोपा. या पाच गोष्टींवरून मूल पुढे गुन्हेगारीकडे वळेल का, हे शाळेत पाऊल टाकतानाच सांगता येईल अशी त्यांची आशा होती. हेतू वाईट नव्हता. धोक्यातल्या मुलांना वेळेवर मदत मिळावी, असेच त्यांना वाटत होते.

पण या कोष्टकात एक गणिती खड्डा होता. १९५१ मध्ये अल्बर्ट राइस या समाजशास्त्रज्ञांनी तो दाखवून दिला. ग्लूक यांच्या अभ्यासात निम्मी मुले गुन्हेगार ठरलेली होती. खऱ्या शाळेत निम्मी मुले गुन्हेगार नसतात. या एका फरकाने काय उलथापालथ होते, ते आपण स्वतः करून पाहू.

समजा, एका गावात १००० मुले आहेत आणि त्यांतली ५० पुढे खरोखर कायद्याच्या कचाट्यात सापडणार आहेत. आपली चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे असे धरू. एवढी चांगली चाचणी प्रत्यक्षात कोणाकडेच नाही. ५० पैकी ४५ मुले ती बरोबर हेरील. उरलेल्या ९५० मुलांपैकी १० टक्के, म्हणजे ९५ मुलांवर ती चुकीने बोट ठेवील. एकूण बोट ठेवलेली मुले १४०. त्यांतली ९५ निर्दोष. म्हणजे '९० टक्के अचूक' चाचणीने संशयित ठरवलेल्या दर तीन मुलांपैकी दोन मुलांनी काहीच करायचे नव्हते. याच चाचणीने निम्मी मुले गुन्हेगार असलेला गट तपासला असता तर दर दहा बोटांपैकी नऊ बरोबर ठरली असती. चाचणी तीच. बदलले ते फक्त मूळ प्रमाण. दुर्मिळ गोष्टीचे भाकीत करताना खोट्या इशाऱ्यांची संख्या खऱ्या इशाऱ्यांना झाकून टाकते, हा नियम क्षयरोगाच्या तपासणीला लागतो तसाच गुन्ह्याच्या भाकितालाही लागतो.

ग्लूक यांचे कोष्टक १९५२ पासून न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात पहिलीच्या सुमारे ३०० मुलांवर वापरून पाहण्यात आले. तेव्हा दुसरीच अडचण उभी राहिली. बोस्टनची मुले सगळी गोरी होती. ब्राँक्समध्ये काळी आणि प्वेर्तो रिकोहून आलेल्यांची मुलेही होती, आणि अनेक घरांत वडीलच नव्हते. मग वडिलांची शिस्त आणि माया यांना गुण कसे द्यायचे? शेवटी कोष्टक काटछाट करून तीन बाबींवर आणावे लागले. एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लावता येत नाही, ही गोष्ट तेव्हाच दिसली होती.

कोष्टक संगणकात जाते

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या केंद्रीय पॅरोल मंडळाने स्वतःचे गुणपत्रक वापरायला सुरुवात केली. बर्जेस यांच्या वेळचे 'वडिलांचे मूळ राष्ट्र' आता गेले होते. बाबी थोड्या उरल्या, आणि त्यांतल्या बहुतेक पूर्वीच्या अटका व शिक्षा यांविषयी होत्या. वरवर पाहता ही शुद्धीच होती. वंश विचारायचा नाही, फक्त नोंद झालेली कृत्ये मोजायची. मात्र ही नोंद कोण करतो, हा प्रश्न मागेच राहिला. त्याकडे आपण पुढे येऊ.

पुढची पायरी खासगी कंपन्यांची होती. नॉर्थपॉइंट नावाच्या कंपनीने 'कॉम्पास' नावाची संगणक प्रणाली तयार केली. आरोपीची नोंद आणि प्रश्नावलीची उत्तरे घेऊन ती एक ते दहा असा जोखमीचा अंक देते. जामिनाच्या वेळी, आणि काही राज्यांत शिक्षा ठरवतानाही, हा अंक न्यायाधीशांपुढे ठेवला जाऊ लागला. अंक नेमका कसा काढला हे कंपनीचे व्यापारी गुपित होते. विस्कॉन्सिन राज्यातील एका आरोपीने त्यावर हरकत घेतली. जो हिशेब मला पाहताही येत नाही, तो मी खोडू कसा, असा त्याचा मुद्दा होता. जुलै २०१६ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रणालीचा वापर चालू ठेवला, पण तिच्या मर्यादांची सूचना अंकासोबत दिली जावी आणि केवळ त्या अंकावर शिक्षा ठरवू नये, असे बजावले.

त्याच वर्षी मे महिन्यात 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी फ्लोरिडातील ब्रॉवर्ड परगण्यातील सात हजारांहून अधिक आरोपींचे अंक मिळवले आणि पुढील दोन वर्षांत त्यांच्यावर नवा गुन्हा दाखल झाला का, हे तपासले. ज्यांनी पुढे काही केले नाही अशा काळ्या लोकांपैकी सुमारे ४५ टक्के जणांना प्रणालीने जास्त जोखमीचे ठरवले होते. गोऱ्यांत हेच प्रमाण सुमारे २३ टक्के होते. कंपनीने उत्तर दिले की प्रणाली पक्षपाती नाही : 'जास्त जोखीम' असा शेरा मिळालेल्यांपैकी प्रत्यक्षात पुन्हा सापडलेल्यांचे प्रमाण काळ्यांत आणि गोऱ्यांत जवळपास सारखेच आहे.

गंमत अशी की दोघांचे आकडे बरोबर होते. हे कसे, ते पाहण्यासाठी पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊ. दोन वस्त्या आहेत, प्रत्येकीतील १००० आरोपी. पहिल्या वस्तीतील ५०० जणांना पुन्हा अटक होते, दुसऱ्या वस्तीतील २०० जणांना. यंत्र पहिल्या वस्तीत ६०० जणांना आणि दुसऱ्या वस्तीत २०० जणांना 'जास्त जोखीम' असा शेरा देते. दोन्ही वस्त्यांत शेरा मिळालेल्यांपैकी ६० टक्के जणांना खरोखर पुन्हा अटक होते. कंपनीच्या मापाने हे अगदी समान झाले. आता पहिल्या वस्तीत शेरा चुकलेले २४० जण, आणि पुन्हा अटक न झालेले एकूण ५००. म्हणजे निर्दोषांपैकी ४८ टक्क्यांवर खोटा शेरा बसला. दुसऱ्या वस्तीत शेरा चुकलेले ८० जण, आणि अटक न झालेले ८००. म्हणजे फक्त १० टक्के. पत्रकारांच्या मापाने हा ढळढळीत अन्याय आहे.

यात कोणाची लबाडी नाही. जॉन क्लाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि स्वतंत्रपणे अलेक्झांड्रा चोल्डेकोव्हा यांनी २०१६ मध्ये गणिताने दाखवले, की दोन गटांतील मूळ प्रमाण वेगळे असेल आणि भाकीत अचूक नसेल, तर समानतेची ही मापे एकाच वेळी पाळताच येत नाहीत. एक निवडले की दुसरे सुटते. कोणते निवडायचे, हे गणित सांगत नाही. ते समाजाने ठरवायचे असते, आणि कॉम्पासच्या बाबतीत ते एका कंपनीच्या कचेरीत, कोणालाही न विचारता ठरून गेले होते.

२०१८ मध्ये ज्युलिया ड्रेसल आणि हनी फरीद यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कॉम्पासची अचूकता सुमारे ६५ टक्के होती. फक्त वय आणि पूर्वीच्या गुन्ह्यांची संख्या या दोन बाबींवर आधारलेला साधा हिशेबही तेवढाच अचूक ठरला. नव्वद वर्षांत कोष्टकाभोवतीचे वेष्टन बदलले होते. आतला ऐवज बर्जेस यांच्या बेरजेहून फार पुढे गेला नव्हता.

अटक म्हणजे गुन्हा नव्हे

वरच्या उदाहरणात आम्ही मुद्दामच 'गुन्हा केला' असे न म्हणता 'पुन्हा अटक झाली' असे म्हटले. विज्ञान शिकवणाऱ्याला हा फरक सांगायला नको. जी राशी मोजायची आहे ती आणि जी प्रत्यक्षात मोजली जाते ती, या दोन वेगळ्या असू शकतात. तापमापीचा फुगा शेगडीजवळ ठेवला तर खोलीचे तापमान कळत नाही. पोलिसांची नोंदवही गुन्हे मोजत नाही. पोलिसांनी पकडलेली माणसे मोजते. जिथे गस्त जास्त, तिथे अटका जास्त. या अटकांवरून यंत्र शिकले, की ते पुन्हा तिथेच गस्त पाठवायला सांगते. मग तिथे आणखी अटका होतात, आणि यंत्राला आपले भाकीत खरे ठरल्यासारखे वाटते.

क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या संख्याशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराचे आकडे घेऊन हे चक्र संगणकावर चालवून पाहिले. आरोग्य सर्वेक्षणांवरून काढलेल्या अंदाजानुसार अमली पदार्थांचा वापर शहरभर पसरलेला होता. पोलिसांच्या नोंदी मात्र गरीब आणि काळ्या वस्त्यांत गोळा झालेल्या होत्या. भाकीत करणाऱ्या प्रणालीला या नोंदी दिल्यावर ती पोलिसांना त्याच वस्त्यांत पुनःपुन्हा पाठवू लागली.

बर्जेस यांच्या शिकागोनेही हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. तेथील पोलिसांनी २०१२ नंतर गोळीबारात सापडण्याचा संभव असलेल्यांची यादी केली. तिच्यात पुढे लाखो लोकांना शून्य ते पाचशे असे अंक दिले गेले. रँड या संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासात यादीच्या सुरुवातीच्या रूपामुळे हिंसा कमी झाल्याचे दिसले नाही. २०१९ च्या अखेरीस ही यादी बंद करण्यात आली.

हजेरीपत्रक पोलिसांच्या हाती

शिक्षक म्हणून आपल्याला सर्वांत जवळून स्पर्श करणारी घटना फ्लोरिडातील पास्को परगण्याची आहे. 'टँपा बे टाइम्स' या वृत्तपत्राने २०२० मध्ये ती उजेडात आणली. तेथील शेरीफच्या कार्यालयाने एक यादी ठेवली होती. पुढे गुन्हेगार होऊ शकतील अशा ४२० शाळकरी मुलांची नावे तिच्यात होती. ती निवडण्यासाठी शाळेतील श्रेणी, गैरहजेरी आणि शिस्तभंगाच्या नोंदी वापरल्या होत्या. एखाद्या मुलाचा घरी छळ झाला असेल तर तीही बाब हिशेबात धरली जाई. मुलांना किंवा पालकांना याची काही कल्पना नव्हती.

याच कार्यालयाची दुसरी एक यादी होती. तिच्यातल्या लोकांच्या घरी पोलीस वारंवार जात. वाढलेले गवत, दारावर नसलेला घराचा क्रमांक, अशा कारणांवरून कुटुंबांना दंड होई. या वृत्तमालेला २०२१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. कुटुंबांनी दावा लावला, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये तडजोड करताना आपल्या या मोहिमेने नागरिकांच्या घटनात्मक हक्कांचा भंग झाला, हे कार्यालयाने मान्य केले.

इथे क्षणभर थांबून विचार करू. एखादे मूल सारखे गैरहजर राहते, अशी नोंद आपण का करतो? कोणी तरी त्याच्या घरी जाऊन विचारपूस करावी म्हणून. गणितात कमी गुण पडले हे आपण का लिहितो? त्याला कुठे अडते ते कळावे म्हणून. ज्या कामासाठी नोंद केली त्यापेक्षा वेगळ्या कामाला ती लावली, की तिचा अर्थच बदलतो. मदतीची हाक संशयाचा पुरावा बनते.

आपल्याकडची जुनी नोंदवही

जन्मावरून आणि वस्तीवरून माणसाचे भविष्य लिहून ठेवण्याचा अनुभव भारताला संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या यादीतील जमातीत जन्म झाला एवढ्यावरून माणसाची नोंद होई, त्याला हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. यात कोष्टक नव्हते, बेरीज नव्हती. भाकीत मात्र होते, आणि तेही सरसकट. सोलापुरात अशा लोकांना ठेवण्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. त्या भागाच्या नावात 'सेटलमेंट' हा शब्द आजही टिकून आहे. १९५२ च्या ३१ ऑगस्टला हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. संशय मात्र कायद्याबरोबर रद्द झाला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची दक्षता घेण्याचा आदेश द्यावा लागला.

हे सांगण्याचे कारण असे की त्याच २०२४ साली महाराष्ट्र शासनाने पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी 'मार्व्हल' नावाची कंपनी स्थापन केली. चोरीची गाडी शोधणे, हजारो पानांच्या तपासाच्या कागदांतून दुवे जुळवणे, आर्थिक फसवणुकीचा माग काढणे, अशी यंत्राला शोभणारी कामे पोलिसांकडे पुष्कळ आहेत, आणि ती व्हायला हवीत. पण यंत्र शिकते ते जुन्या नोंदींवरून. ज्या नोंदवहीत पिढ्यान्‌पिढ्या काही विशिष्ट आडनावेच भरली गेली, तिच्यावरून यंत्राला 'पुढचा गुन्हा कोण करील' असे विचारले, तर ते १८७१ चेच उत्तर नव्या आकड्यांत देईल. फरक एवढाच, की कायदा वाचता येत होता आणि म्हणून त्याच्याशी भांडता येत होते.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यात, केवळ व्यक्तीच्या गुणवैशिष्ट्यांवरून ती गुन्हा करील असे भाकीत करणाऱ्या प्रणालींना मनाई आहे. ही मनाई फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. दुसऱ्या बाजूला, न्यू जर्सी राज्याने २०१७ मध्ये रोख जामिनाची पद्धत जवळजवळ मोडीत काढताना नऊ बाबींचे गुणपत्रक स्वीकारले. त्याचे सूत्र सर्वांसाठी खुले आहे. पैसे नाहीत म्हणून तुरुंगात राहणाऱ्यांना सोडणे हा त्या सुधारणेचा हेतू होता, आणि तेथील कच्च्या कैद्यांची संख्या खरोखर बरीच घटली. म्हणजे कोष्टक स्वतः चांगले किंवा वाईट नसते. ते दार उघडण्यासाठी वापरले की बंद करण्यासाठी, त्याचा हिशेब पाहता येतो का, आणि चुकीची किंमत कोण मोजतो, हे विचारावे लागते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

हे विचारण्याची सवय शाळेतच लागू शकते. आठवी-नववीच्या वर्गात एका तासात होणारा एक प्रयोग आम्ही सुचवतो. शंभर चिंचोके घ्या. दहांवर खालच्या बाजूने शाईचा ठिपका द्या. हे 'पुढे गुन्हा करणारे'. मुलांनी एकेक चिंचोका उचलावा आणि फासा टाकावा. एक ते पाच पडले तर यंत्र खरे बोलले, सहा पडला तर यंत्र चुकले, म्हणजे ठिपकेवाल्याला सोडले किंवा बिनठिपक्याला धरले. धरलेले चिंचोके एका वाटीत टाकावेत. शेवटी वाटीतले ठिपके मोजावेत. सहातून पाच वेळा अचूक असणाऱ्या या यंत्राच्या वाटीत साधारण तेवीस चिंचोके जमतील, आणि त्यांतले पंधरा बिनठिपक्याचे असतील.

प्रयोग इथे संपवू नये. त्या पंधरांपैकी एकेक चिंचोका एकेका मुलाच्या हातात द्यावा आणि विचारावे, 'हा तू असतास तर आपण निर्दोष आहोत हे कसे पटवून दिले असतेस?' मुले बरीच उत्तरे देतील. ती सगळी फळ्यावर लिहून घ्यावीत, आणि त्यांतले कोणते यंत्राला ऐकू येईल, ते मुलांनाच ठरवू द्यावे.